तनूचा बाप

दिगंबरच्या दुकानात चष्मा घ्यायला गेलं की आधी थोडा अपमान सहन करावा लागे. "काका, हे फ्रेम नका घेऊ, यात तुम्ही जप्ती आणल्यावानी दिसता." "बाई, नाक तुमचं झकास हाय, पन चष्म्यासाठी ती घसरगुंडी हाय." म्हाताऱ्या माणसाचा नंबर काढून झाला की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आता बायको स्पष्ट दिसन बरं का. मागून तक्रार घेऊन येऊ नका." चिखलीच्या बाजारात कपाशी नाहीतर सोयाबीन घालून आलेली माणसं चष्म्याचं काम नसतानाही तिथे टेकत, पाणी पीत, चार शिव्या खाऊन हसत निघून जात.

दुसरी त्याची सवय म्हणजे समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेणं. बोलता बोलता हात पुढे यायचा, चष्मा जायचा, त्यावर तो हाऽ करून फुंकर घालायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा आणि पुन्हा नाकावर ठेवायचा. एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत त्यानं भर कार्यक्रमात, व्यासपीठावर हे केलं. "घाण काचातून पोरं घाणच दिसनार तुमाले," म्हणाला. मुख्याध्यापक पुढे महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि नंतर चष्मा मात्र त्याच्याकडूनच बदलून घेतला.

त्याचं घर माझ्या घरासमोर. मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तो माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, लोणारकडच्या बीबी गावचा. घरी शेती होती, पण त्याला दुकानदारीची हौस. लग्न घरच्यांनी ठरवलं म्हणून झालं. बायको सविता नांदुऱ्याच्या अडत्याची मुलगी, अबोल आणि कामसू. मुलगी तनू तीन वर्षांची असताना सविता तापानं गेली. चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले आणि पाचव्या दिवशी दिगंबर तिला अँब्युलन्समधून घरी घेऊन आला.

त्यानंतरचा दिगंबर मला जास्त आठवतो. सकाळी दारात तनूला पुढ्यात घेऊन तो तिच्या वेण्या घालत बसायचा. त्या कधीच सारख्या व्हायच्या नाहीत. "एक वेणी अकोल्याले चालली, एक जालन्याले," असं स्वतःच म्हणायचा, आणि तनू आरशात पाहून किंचाळायची. मग आतून नितीन यायचा आणि गुपचूप दोन्ही वेण्या सोडून नीट घालून द्यायचा.

नितीन दुकानात चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. मेहकरकडचा. आधी दुकानाच्या माळ्यावर राहत होता, सविता गेल्यावर वर्षभरानं घरी राहायला आला. स्वयंपाक तो करायचा. तनूच्या शाळेच्या पालक सभेला दिगंबर जायचा आणि गणितात काय चुकलं ते नितीन समजावून सांगायचा. माझी मुलगी मुग्धा तेव्हा नववीत होती. रोज संध्याकाळी ती त्यांच्याकडेच अभ्यासाला बसायची, कारण आमच्या घरी टीव्ही चालू असायचा आणि त्यांच्याकडे नितीन भजी करायचा.

ते दोघं एकमेकांचे कोण होते हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी उच्चारत नव्हतं एवढंच. माझी बायको पुरणपोळ्या पाठवताना तीन माणसांच्या हिशेबानं पाठवायची. यापलीकडे आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. मला हे आमचं मोठं मन वाटायचं.

उन्हाळ्यात तनू आजोळी नांदुऱ्याला जायची. सहा वर्षांची असताना गेली तेव्हा आजीनं तिला मांडीवर घेऊन विचारलं, "काऊन वं, पप्पा रडते का तुह्या आईसाठी?" तनू म्हणाली, "रडते ना. मग नितूकाका पप्पाले जवळ घेते, पाठीवरून हात फिरवते. मग पप्पा झोपते."

एवढंच ती बोलली. जून लागला, शाळा सुरू झाली, तनू परत आली नाही. दिगंबर आणायला गेला तर फाटक उघडलं नाही. आतून तिचा मामा संजय म्हणाला, "पोरगी देवदर्शनाले गेली." तनू गच्चीवरून "पप्पा, पप्पा" करून हात हलवत होती.

आमच्याकडे कोर्टाच्या आधी बैठक होते. दोन्हीकडची चार माणसं बसतात, पानसुपारी होते, कुणीतरी मध्यस्थ असतो. दिगंबरच्या बाजूनं बसायला कुणी नव्हतं. बीबीहून त्याच्या भावानं निरोप पाठवला होता की आमचा संबंध धरू नका. म्हणून दिगंबरनं मला विचारलं. मी लगेच हो म्हणालो. मध्यस्थ म्हणून कुणी बोलावलं की मला बरं वाटतं, हे मी इथे लिहून ठेवतो.

नांदुऱ्याला जाताना बसमध्ये मी त्याला समजावलं. म्हटलं, "हे बघ, त्यांना तुझ्या तोंडून फक्त 'नाही' एवढं ऐकायचं आहे. तू नाही म्हण आणि विषय संपव. नितीनला दोन महिने मेहकरला पाठव." तो खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "सर, तुमचा चष्मा द्या इकडं, धूळ बसली."

अडत दुकानाच्या वरच्या खोलीत गाद्या टाकल्या होत्या. सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणत, लोडाला टेकून बसले होते. पाच-सहा वडीलधारी माणसं होती. दिगंबर दारातून आत आला तसा संजय मोठ्यानं म्हणाला, "या. आता दाजी म्हनू का वहिनी म्हनू?"

खोली हसली. तात्याही हसले. दिगंबर म्हणाला, "तुले जे म्हनायचं ते म्हन बे. पोरीले आन फक्त."

"पोरीले कशाले आनू? तुह्या नवऱ्याच्या घरी पाठवाले?"

पुन्हा हशा. मी खाली पाहत होतो. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की असल्या माणसाच्या सावलीत पोरगी वाढली तर तिला उद्या कोण करून घेईल. दुसऱ्यानं विचारलं की बायको मेली ती यामुळेच तर नाही. यावर दिगंबरनं पहिल्यांदा मान वर केली. आता हा काहीतरी फेकून मारेल असं मला वाटलं, आणि मी बोललो.

मी म्हणालो, "तात्या, लोक काहीही बोलतात. दिगंबरनं तनूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की असं काही नाही, तर तुमचं समाधान होईल का?"

तात्या लोडावरून सरळ झाले. "सर बोलले लाखाची गोष्ट. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बाप खोटं बोलत नाही. म्हनू द्या, आत्ता पोरगी घेऊन जाऊ द्या."

मला तेव्हा वाटलं, जमलं. शपथेवर माझा विश्वास नव्हता. दिगंबरचाही नाही हे मला माहीत होतं, तो तर देवांची नक्कल करायचा. एक वाक्य बोलायचं आणि पोरीला घेऊन संध्याकाळच्या बसनं चिखली. इतका साधा हिशेब मी केला होता.

तनूला आणलं. नवा फ्रॉक, नव्या बांगड्या. ती धावत येऊन बापाला बिलगली. दिगंबरनं तिच्या दोन्ही वेण्या हातात धरून पाहिल्या. सारख्या होत्या. मग तात्यांनी सांगितलं तसा तो तिला समोर उभी करून गुडघ्यावर बसला आणि उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"म्हना," तात्या म्हणाले. "लोक म्हनते तसं माह्यं काही नाही."

"लोक," दिगंबर म्हणाला. "लोक म्हनते..."

त्यानं हात उचलला आणि पँटच्या खिशात घातला.

तनूला तो खेळ वाटला. तिनं त्याच्या खिशातून हात ओढून काढला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वरून आपले दोन्ही हात दाबून धरले. "पप्पा, ठेवा ना. ठेवा ना, पप्पा." दिगंबरनं हात पुन्हा काढून घेतला. या वेळी थोडा जोरानं. तिची एक बांगडी फुटली.

तात्या म्हणाले, "झालं. कबूल झालं." संजयनं तनूला उचललं. आत नेताना ती विचारत होती, "पप्पानं काऊन नाही ठेवला हात?" ते आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, "देव नाही मानत, धर्म नाही मानत, आणि ऐन वेळेला हे काय केलंस? एक वाक्य होतं, दिगंबर." तो खिडकीकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "सर, लेकराले ताप तं येतच राह्यते. उद्या ती तापली असती अन् मी उशाशी बसलो असतो, तं मले काय वाटलं असतं?" मोताळ्याला बस थांबली तेव्हा त्यानं खिडकीची काच पुसली. नंतर म्हणाला, "सविताले ताप आला तवा बी मी असंच काहीतरी खोटं बोललो होतो." काय बोलला होता ते मी विचारलं नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. दिगंबरची वकील अकोल्याची एक तरुण मुलगी होती. तिची बाजू साधी होती: बाप हा नैसर्गिक पालक, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं असे संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलेलं, मग मूल काढून घ्यायचं कशासाठी? ती पुष्कळ कागद छापून आणायची. त्यात परदेशातल्या एका मानवाधिकार न्यायालयाचा निकाल होता. तिकडे एका बापाची मुलगी याच कारणानं काढून घेतली होती, आणि बापाचा कल कुणाकडे आहे एवढ्यावरून असा भेदभाव करता येणार नाही असं त्या न्यायालयानं सांगितलं होतं. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाचीही सही आहे, असंही ती म्हणाली.

तात्यांचे वकील उठले. मुरलेला माणूस होता. म्हणाले, "साहेब, ज्या देशातले लोक कागदानं पुसतात त्यांचा कायदा आपण पाण्यानं धुणाऱ्यांच्या लेकीला लावायचा का?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी तोंडावर हात घेतला. ती मुलगी कागद हातात धरून उभी राहिली, तिचे कान लाल झाले होते. सगळ्यात मोठ्यानं हसला तो दिगंबर. विनोद चांगला असला की तो कुणाचा आहे हे त्यानं कधी पाहिलं नाही. मागे बसलेला कुणीतरी म्हणाला, "पाह्य, निर्लज्ज. स्वतःच हसून राह्यला."

मला साक्षीला तात्यांच्या बाजूनं बोलावलं होतं. बैठकीत हजर होतो म्हणून. वकिलांनी विचारलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून नाकारायला सांगितलं तेव्हा यांनी हात काढून घेतला का? मी म्हणालो, हो. किती वेळा? दोनदा. ही कल्पना कुणाची होती? माझी.

इथपर्यंत मी खरं बोललो, आणि खरं बोलण्याला इलाज नव्हता असं मी अजून स्वतःला सांगू शकतो. त्यानंतर वकिलांनी आवाज खाली आणला. "सर, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला मुलगी आहे. या घरात तुमची मुलगी ठेवाल का?"

मुग्धा आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे होती. नितीननं तिला प्रकाशाच्या परावर्तनाची आकृती काढून दिली होती, मी काढून देतो त्याहून चांगली. समोर गावातली माणसं बसली होती. आमच्या संस्थेचे एक संचालक बसले होते. दिगंबर माझ्याकडे पाहत होता, नेहमीसारखा, भुवया थोड्या वर करून, जसा तो गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगायचा.

मी म्हणालो, "नाही."

बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला गाठलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्याचा हात पुढे आला, चष्मा नाकावरून गेला. त्यानं दांडी थोडी वाकवली, पुन्हा ठेवली. "साक्ष देताना वाकडा बसला होता, सर. माह्यं सारं ध्यान तिकडंच." हे तो कडवटपणानं बोलला असता तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन मुग्धाला सांगितलं की उद्यापासून समोर जायचं नाही. कोर्टात बोललो ते खरं करून टाकलं.

तनू आजीआजोबांकडेच राहावी, बालकाचं हित त्यातच आहे, असा निकाल लागला. बापाला महिन्यातून एका शनिवारी, कोर्टाच्याच एका खोलीत, नातेवाइकांच्या देखत भेटता येईल, आणि "सदर इसम" त्या वेळी सोबत नसावा. सदर इसम म्हणजे नितीन. निकालाच्या तिसऱ्या दिवशी नितीन आपली पेटी घेऊन सुरतेला गेला. मी नसलो तर पोरगी परत मिळेल, असा त्याचा समज होता. दिगंबरनंही त्याला अडवलं नाही, कारण त्यालाही क्षणभर तसंच वाटलं होतं. नितीन आता इथे राहत नाही, असा अर्ज वकीलबाईंनी दिला. तो फेटाळला गेला. प्रवृत्ती ही माणूस बाहेर गेल्यानं जात नाही, असं त्यात म्हटलं होतं.

दुकानातली गर्दी कमी झाली. बायका येईनाशा झाल्या, मग पुरुषही. नंबर काढताना तो हनुवटीला हात लावायचा, ते आता कुणाला चालेना. त्यानं हनुवटीला लावायची एक पट्टी आणली. त्यावरही पोरं दारातून काहीतरी ओरडून पळत. दिगंबर आतून प्रत्युत्तर द्यायचा आणि ते इतकं फर्मास असायचं की ओरडणाराच हसायचा. पण आत जाऊन चष्मा कुणी घेत नव्हतं.

शनिवारच्या भेटीला तो मला घेऊन जायचा. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमी असले की तात्या शिव्या देत नाही. तुमी त्याहिचे साक्षीदार ना." मी गेलो. दर महिन्याला गेलो. त्या खोलीत एक टेबल, दोन बाकं. तनूबरोबर आजी असायची. पहिल्या वर्षी तनू त्याच्या मांडीवर बसायची. दुसऱ्या वर्षी बाकाच्या टोकाला. संजयला ती पप्पा म्हणायला लागली होती. दिगंबरला काय म्हणायचं ते न कळून ती नुसतं "ऐका ना" म्हणायची. तो लगेच "हाव, बोल" म्हणायचा.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते अशाच एका शनिवारी; त्यानंतर तो समोरच्या घरी परतला नाही. तात्यांनी या भेटीही बंद करा असा अर्ज दिला होता आणि न्यायाधीश त्या दिवशी तनूला स्वतः विचारणार होते. तिला तेव्हा दहावं लागलं होतं. आजी खोलीत न येता बाहेर व्हरांड्याच्या टोकाला बाकावर डोळे मिटून बसली होती. तनू आत आली आणि उभीच राहिली.

"आज साहेब मले विचारनार हायेत," ती म्हणाली.

"मग? काय सांगनार तू?"

"यायचं नाही म्हनून सांगायचं हाय."

दिगंबरनं विचारलं, "अन् नाही सांगितलं तं?"

तनूनं दाराकडे पाहिलं. "आजी परवापासून जेवली नाही. मी सांगतलं की जेवनार हाय."

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा दिगंबर बाकावरून उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला होता.

"मी साहेब हाय असं समज. सांग पाहू."

"मले... मले..." ती अडली.

"घाबरू नको. साहेब दूर बसते, तिथी पंखा वाजते. मोठ्यानं म्हन."

"मले यांले भेटायचं नाही."

"यांले नाही. कोर्टात तसं नाही म्हनत. वडिलांना म्हन. मला वडिलांना भेटायचं नाही."

तिनं म्हटलं. आवाज फुटला. "पुन्हा," तो म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं. "आता खाली नाही पाह्यचं. माह्याकडं पाहून म्हन." तिनं त्याच्याकडे पाहून म्हटलं. तो खूश झाल्यासारखा मान हलवत होता. मी त्याला थांबव म्हणालो असेन, मला नीट आठवत नाही. त्यानं ऐकलं नाही. "एकदा आखरी," तो म्हणाला, आणि या वेळी ती न चुकता, न थांबता म्हणाली.

शिपायानं हाक दिली. ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. न्यायाधीशांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण तनूचा आवाज साऱ्या व्हरांड्यात ऐकू आला. दिगंबरचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"मी निंगतो, सर," तो म्हणाला. "बाहेर आली अन् मी दिसलो तं तिले रडू येईन, मग म्हातारी ईचारत बसन." मागच्या दारानं तो बाहेर गेला.

तनू बाहेर आली. रिकामं बाक पाहून माझ्याकडे आली. "पप्पा कुठं गेले? बरोबर म्हनलं का मी?" तिच्या तोंडून तो शब्द मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होतो.

"बरोबर म्हणालीस," मी म्हणालो.

आजीनं डोळे उघडले, तनूला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग पिशवीतून डबा काढला आणि तिथंच बाकावर उघडला. भाकरी आणि ठेचा होता. तनू समोर उभी राहून टक लावून पाहत होती.

तेव्हा मला दिगंबर दिसला. तो गेला नव्हता. कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीच्या आडोशाला उभा होता, दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून. तनूची पाठ त्याच्याकडे होती, आणि तो तिच्याकडे पाहतही नव्हता. तो म्हातारीच्या हाताकडे पाहत होता. तिनं भाकरी मोडली, ठेच्याला लावली, तोंडात घातली, दोनदा चावली. मग त्यानं गज सोडले आणि चालायला लागला.